गॉब्लिनचा भाव

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक हिशेबनीस असतोच. आमचा मुलुंडला राहतो आणि आमच्या दुर्दैवाने तोच आमचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डन्जन मास्टर आहे. इतरांचे डीएम आवाज काढतात, राक्षसांना गुरगुरायला लावतात. हा लाल बांधणीची रोजकीर्द उघडतो आणि एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, वाटतो. "गेल्या रविवारी ओगर पडला. साडेचारशे एक्सपी. पाच जणांत नव्वद-नव्वद. कुणाला शंका?"

त्याच्या मते २०१४ साली उपनगरांवर दोनदा कृपा झाली. जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावली आणि ऑगस्टमध्ये खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं पुस्तक आलं. पहिलीमुळे बोरिवलीचा गडी दादरचा वळसा टाळून मुलुंडला येऊ लागला. दुसऱ्यामुळे त्या गड्याला दुसऱ्या लेव्हलला जायला किती एक्सपी लागतात ते कळलं: ३००. विसाव्या लेव्हलला ३,५५,०००. उंदीर दहाचा, गॉब्लिन पन्नासचा. हा तक्ता त्याला पाढ्यासारखा पाठ आहे.

त्यातही गॉब्लिन हे त्याचं चलन. सगळं आयुष्य तो गॉब्लिनांत मोजतो. लोकलमध्ये चौथी सीट मिळाली? अर्धा गॉब्लिन. संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोतून उतरून, पूल ओलांडून लोकलमध्ये चढता आलं? दोन. रिक्षावाला जवळच्या भाड्याला हो म्हणाला? "त्याचे काही नाहीत. ते नशीब. फासे चांगले पडले म्हणून कुणी एक्सपी देत नाही." सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत तीन तास बसून आला तेव्हा म्हणाला, "अकरा गॉब्लिन होते रे, पण एकही पडला नाही."

एकदा त्याच्या आईने पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता विचारलं, "ह्याचे किती देणार मला?"

"आई, तू एनपीसी आहेस, खेळाडू नसलेलं पात्र. एनपीसीला एक्सपी नसतात."

"बरं. मग एनपीसी निघाली देवळात. चहा तुझा तू कर."

इतिहासही तो याच हिशेबाने सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला, तेव्हा खरी कमाई राक्षस मारण्यात नव्हती, सोनं आणण्यात होती. भुयारातून सुखरूप बाहेर काढलेल्या एका सुवर्णनाण्याला एक एक्सपी. एवढं सांगून तो खिडकीतून समोरच्या टॉवरकडे बोट दाखवतो. "बिल्डरलोक अजून जुनीच आवृत्ती खेळतात."

हे सगळं आम्ही पोह्यांसाठी सहन करत आलो. पण परवा अंधेरीची मुलगी म्हणाली, "दादा, हल्ली सगळे माइलस्टोन करतात. गोष्टीत मोठा टप्पा आला की डीएम सगळ्यांना एक लेव्हल वर नेतो. हिशेबच नाही."

"डीएम नेतो म्हणजे? त्याच्या मनात आलं की?" आवाज एकदम चढला. "आणि नाही आलं तर?"

ड्रॅगनच्या तोंडूनही तो इतक्या जोरात कधी बोलला नव्हता. पोहे तसेच राहिले.

थोड्या वेळाने कळलं. त्याच्या हाताखाली काम शिकलेला पोरगा त्याच आठवड्यात त्याचा साहेब झाला होता. हा मात्र वर्षानुवर्षं त्याच टेबलावर. दर अप्रेझलला त्याला सांगतात, "तुमच्या अनुभवाची आम्हाला फार कदर आहे." किती कदर, तो आकडा कुठेच लिहिलेला नसतो.

त्या दिवशी तो चहा टाकायला आत गेल्यावर मी रोजकीर्द चाळली. बोरिवलीचा गडी अख्ख्या दुपारी चार वाक्यं बोलत नाही. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं: 'मशाल विझू दिली नाही, २५.' 'जखमी गाढव मागे सोडलं नाही, ५०.' गाढव होतं हेच आमच्यापैकी कुणाला आठवत नव्हतं. आम्ही आरडाओरडा करून मारलेल्या ड्रॅगनच्या खालच्याच ओळीत, त्याच अक्षरात, त्या गाढवाला पुरता एक गॉब्लिन मिळाला होता. माणूस तापदायक आहे, हे माझं मत कायम आहे. पण असा ताप ऑफिसात एखाद्या साहेबाला असता तर बरं झालं असतं.

"नोकरी बदल की," मी त्याला म्हटलं.

"या वयात नवं कॅरेक्टर? पहिल्या लेव्हलपासून?" तो कप ठेवत म्हणाला. "आधीचे एक्सपी तिकडे धरत नाहीत रे." मग रोजकीर्द ओढून घेतली. "आणि ट्रोल बघून तू पळालास, त्याचे शून्य लावलेत. हरकत असेल तर लेखी दे. मी उत्तर देतो."