काळा खडक, लाल बादली

सामरवरणी गावात बिऱ्हाड केलं तेव्हा घरमालकांनी एकच ताकीद दिली: पांढरे कपडे बोअरच्या पाण्यात भिजवायचे नाहीत. नळातून येतं तेव्हा पाणी काचेसारखं, सकाळी पाहावं तर बादलीच्या बुडाशी विटकरी गाळ. शेजारी एवढे कारखाने असून त्यांच्याकडे बोट दाखवायचीही सोय नाही. हा गाळ लोहाचा, आणि लोह आपल्या काळ्या पाषाणातलं. जमिनीच्या पोटात हवा नसते तोवर ते विरघळून असतं. वर येऊन वारा लागला की गंजतं. बादली रात्रभर उघडी ठेवून सकाळी फडक्यातून गाळली की बरंचसं जातं. उपाय फुकटचा, म्हणून तो सांगायला दारात कुणी येत नाही.

दारात येतो तो फिल्टरवाला. त्यानं दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत लोखंडी सळया बुडवून वीज सोडली. मिनिटभरात आमचा ग्लास गटार! बायको म्हणाली, "अहो, हे पितो आपण?" अगं, ती घाण सळईची! पाण्यात क्षार असले की वीज वाहते, सळई झिजते, गाळ होतो. त्याच्या पाण्यात क्षार नावालाच, म्हणून ते सोवळं. "तुमच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाका," म्हटलं, तर त्याला एकदम पुढच्या घरी उशीर झाला.

जाताना टीडीएसचं पेन मात्र बुडवून गेला. ते सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतं. भारतीय मानकात क्षारांची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम, आर्सेनिकची 0.01. त्या पेनानं आर्सेनिक शोधणं म्हणजे दहा टनांचा ट्रक काट्यावर घालून ड्रायव्हरच्या खिशातला मोबाइल शोधावा, तशातली गत.

आर्सेनिकही खडकातूनच येतं, पण लाल होत नाही, चवीला लागत नाही. गडचिरोलीपलीकडे, छत्तीसगडमधल्या कौडीकसा गावात ते पिऊन माणसांच्या तळहातांवर घट्टे आले, अंगावर डाग उठले. उकळूनही जात नाही. पाणी आटतं, ते उरतं.

तेव्हा लाल बादलीला शिव्या घालून झाल्या असतील, तर बोअरच्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत नेऊन द्या. आणि अर्जात आर्सेनिकचं नाव आपल्या हातानं लिहा.