आधी कागद, मग पत्रा

जुनी पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, घ्यायची, सोलून काढायची आणि आपल्या मनासारखी बांधायची, हा किडा ज्याच्या डोक्यात शिरतो तो गाडी बघायला जातो आणि पहिलं काम बॉनेट उघडण्याचं करतो. मग सेल्फ मारायला सांगतो. गाडी सुरू झाली, सायलेन्सरमधून ढगभर धूर निघाला तरी तो खूश, कारण गाडी 'जिवंत' निघाली. माझं म्हणणं असं की या व्यवहारात इंजिन ही सगळ्यांत शेवटी बघायची वस्तू आहे. आधी कागद बघावेत, मग पत्रा, मग ती उचलून आणणारा ट्रक, आणि एवढं करून अंगात त्राण उरलंच तर इंजिन. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच तो उलट्या क्रमाने बोलतो. इंजिन मक्खन आहे, फक्त बॅटरी टाका. डॉक्टरांची गाडी आहे, एकहाती वापर. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी खरोखरच एवढ्या पद्मिन्या वापरल्या असतील, तर फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या बाकीच्या जनतेला कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी मिळाली तरी कशी, हा संशोधनाचा विषय आहे. कागदांबद्दल मात्र एकच वाक्य येतं: 'ते होऊन जाईल.'

ते होत नाही. आरसीवरचा चेसिस नंबर आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर जुळला पाहिजे, ही पहिली पायरी. तिथे गंज बसलेला असतो, त्यावर रंग, त्यावर ग्रीस; आणि घासून काढल्यावर जो आकडा दिसतो तो तीन आहे की आठ, यावर पुढची काही वर्षं अवलंबून असतात. मूळ मालक वारलेला असेल तर फॉर्म ३१ आणि सगळ्या वारसांच्या सह्या. त्यातला एक वारस परदेशात आणि दुसरा पहिल्याशी बोलत नाही. आरसीवर कर्जाचा बोजा राहिलेला असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण ती बँक दरम्यान दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि तिचं शुल्क २०२२ च्या एप्रिलमध्येच ६०० रुपयांवरून थेट ५,००० वर गेलं होतं. त्यावर पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली तेव्हापासून तिकडच्या जिप्सी आणि कॉन्टेसा स्वस्तात दिसतात खऱ्या, पण त्या स्वस्ताईत एनओसी, इथला रोड टॅक्स आणि इथल्या आरटीओची मर्जी धरलेली नसते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: गाडी कापून नवीच करायची आहे, मग जुन्या कागदांचं एवढं कौतुक कशाला? नेमकं म्हणूनच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी घट्ट केलं. बरं, गाडी ५० वर्षांची झाली की २०२१ च्या नियमांनुसार 'विंटेज' म्हणून मिरवता येते, पण त्यासाठी तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. थोडक्यात, ज्याने अर्धं शतक गाडीला हात लावला नाही त्याला सरकार मान देतं, आणि जो रात्रंदिवस तिच्यावर खपला त्याला नोटीस. आसनं, वायरिंग, नोंद करून बदललेला रंग, त्याच जातीचं इंजिन, फार तर मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट, एवढ्या अंगणात खेळायचं. छप्पर उडवून ओपन टॉप करायचा असेल तर गाडी दिवाणखान्यात ठेवावी.

आता पत्रा. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे खालची फरशी आणि दाराखालचा पाटा सडला की दुखणं वरवरचं राहत नाही, कणाच गेलेला असतो. तपासायला पाच-दहा रुपयांचं चुंबक पुरतं. दारावर वरून खाली सरकवत आणलं की एका जागी ते पकड सोडतं आणि घरंगळतं. तिथे पुरणपोळीच्या पारीइतका पत्रा आणि बाकी सगळं लांबीचं पुरण. विकणारा म्हणतो, 'नवं डेंटिंग-पेंटिंग केलंय.' तीच तर काळजी आहे. मग एका बाजूला जॅक लावून गाडी उचलावी आणि त्या बाजूचं दार उघडून मिटून बघावं. दार चौकटीला घासायला लागलं, तर त्या रंगाखाली काय आहे ते विचारायची गरज नाही.

उरला ट्रक. इथे पुरुषार्थ आडवा येतो: 'चालू गाडी आहे, चालवतच आणू की!' वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे टायर वरून गुबगुबीत आणि आतून चिरलेले असतात, टाकीतल्या पेट्रोलची राळ झालेली असते, ब्रेकचे सिलिंडर एक तर धरतात नाही तर सोडतात, आणि यातलं काहीही कळायचं असलं तर ते खंबाटकीच्या उतारावरच कळतं. तडजोड म्हणून क्रेनवाला पुढची चाकं उचलून ओढायला तयार असतो. पण पद्मिनी मागच्या चाकांवर चालते. ती चाकं रस्त्यावर फिरत राहिली की प्रॉपेलर शाफ्ट गिअरबॉक्सची मागची बाजू फिरवत राहतो आणि इंजिन बंद असल्यामुळे आत तेल धड पोहोचत नाही. म्हणजे गाडी घरी येते, गिअरबॉक्स वाटेत जातो. तेव्हा सपाट पाठीचा ट्रकच हवा, पट्टे चाकांवरून घेतलेले, बंपरवरून नाहीत. तो बंपर सध्या केवळ सवयीने जागेवर आहे.

एवढे सोपस्कार करायचे तर जुनी गाडी घेणार कोण, असं कुणी म्हणेल. माझ्या मते याच सोपस्कारांमुळे ती स्वस्तात घेता येते. पद्मिनीचं १,०८९ सीसीचं इंजिन मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी २०२३ पर्यंत रेटलं. ते खोलून बांधणारे मिस्त्री आणि त्याचे सुटे भाग आजही सापडतात. सडलेली बॉडी आणि हरवलेला वारस यांचा सुटा भाग कुठल्याच बाजारात मिळत नाही. तरी बाजार अजून सेल्फवरच भाव ठरवतो. कागद स्वच्छ, पाटा शाबूत आणि इंजिन ठार जॅम अशी पद्मिनी कुठे उभी असेल, तर तिथे घासाघीस करायला भरपूर वाव आहे. ट्रक तर आणायचाच होता.