घोडे नका मोजू, वजन मोजा

मळवली स्टेशनवरून भाज्याला निघालं की द्रुतगती मार्गावरचा पूल लागतो. खाली सहा पदरी काँक्रीट, पुढे गावाकडे जाणारा अरुंद रस्ता. जुनी उघडी स्पोर्ट्स कार काढून दुसरी घ्यायची असेल, तर निर्णय इथे उभं राहून घ्यावा. शोरूम तुम्हाला खालच्या रस्त्याची गाडी विकतं. तुम्ही ती चालवता वरच्या रस्त्यावर.

खालच्या रस्त्यावर सपाटीला मोटारीची मर्यादा ताशी 100 किलोमीटर. घाटात त्याहून कमी. वर, पावसाळ्यातल्या रविवारी, भाजे धबधब्याच्या गर्दीत दुसरा गिअर पडला तरी पुष्कळ. मग 500 अश्वशक्ती उधळायची कुठे?

जागाच नाही.

तरी गाडी बदलायची म्हटलं की पहिला प्रश्न तोच. पॉवर किती? शून्य ते शंभर किती सेकंदांत? जुनीपेक्षा नवी जास्त पळाली पाहिजे, हे आपण न बोलता गृहीत धरतो. का? जुनी हळू पळत होती म्हणून नकोशी झाली का?

नाही. ती गळायला लागली होती.

या पट्ट्यातल्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांत गाडी अशीच म्हातारी होते. हूडचं कापड आखडतं, मागची प्लास्टिकची काच पिवळी पडते, दाराचं रबर कडक होतं. पहिल्या जोरदार सरीत आसन भिजतं आणि संध्याकाळी घरात ठराव होतो, आता ही काढायची. तीस-चाळीस हजारांच्या कापडावरून सुरू झालेला विषय दोन दिवसांत पाऊण कोटीवर पोचतो.

मधे कोणीच थांबवत नाही.

थांबून एवढंच विचारायचं असतं, या गाडीने आपल्याला दिलं काय? उघडं आकाश. हातात लागणारा रस्ता. कमी वेगातही वाटणारा वेग. यातलं काहीही अश्वशक्तीत मोजता येत नाही. मोजायचंच असेल तर वजनात मोजा.

आपल्याकडचंच उदाहरण आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म तयार होऊ लागली. दोन आसनं, फायबरची बॉडी, डोक्यावर मोकळं आकाश. इंजिन रेनॉचं, 1,149 सीसी. ताकद साठेक अश्वशक्ती, म्हणजे आजच्या कितीतरी साध्या हॅचबॅकपेक्षा कमी. तरीही ती चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू असायचं. साठ घोड्यांत हौस भागत होती, तर पाचशे घोडे कोणाची हौस भागवतात?

विकणाऱ्याची.

जगाचा अनुभवही हाच. माझदाने 1989 मध्ये एमएक्स-5 आणली, जिला लोक मियाटा म्हणतात. वजन टनाच्या आतबाहेर, इंजिन 1.6 लिटरचं. मोठ्या इंजिनांच्या गाड्यांपुढे आकडे किरकोळ. 2016 मध्ये दहा लाखावी मियाटा कारखान्याबाहेर पडली. जगात सर्वाधिक खपलेली दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार हीच.

भारतात ती अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही.

बाहेरून आणू म्हणाल, तर नियम आडवा येतो. वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि शुल्क मूळ किमतीलाही मागे टाकतं. 50 वर्षं उलटलेल्या मोटारींना 2025 मध्ये वाट मोकळी झाली खरी. या हिशेबाने पहिल्या मियाटाचा नंबर 2039 साली लागेल.

मग इथे नवीन काय मिळतं? एमजीची सायबरस्टर जुलै 2025 मध्ये आली. विजेवर चालते, दारं वर उघडतात, 510 अश्वशक्ती, शंभरचा वेग 3.2 सेकंदांत, शोरूमची किंमत 75 लाखांच्या घरात. मर्सिडीजची सीएलई कॅब्रिओले 2024 मध्ये 1 कोटी 10 लाखांना आली. बीएमडब्ल्यूची झेड-4 निरोपाच्या वाटेवर आहे. पोर्शेने 718 बॉक्स्टरचं उत्पादन 2025 मध्ये थांबवलं.

यादी छोटी आहे. आणि यादीतलं काहीही हलकं नाही.

सायबरस्टरचं वजन दोन टनांच्या जवळ जातं. म्हणजे एका सायबरस्टरमध्ये वजनाने दोन जुन्या मियाटा बसतात. बॅटरी जड असते, हे मान्य. पण वजन वाढलं की मोठे ब्रेक लागतात, रुंद टायर लागतात, ताठ शॉकअप लागतात. ते सगळं मिळून आणखी वजन वाढतं. मग ते ओढायला आणखी ताकद लागते, आणि ती ताकद जाहिरातीत गुण म्हणून छापली जाते.

दुखणंच औषध म्हणून विकलं जातं.

ब्रिटनच्या लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी अख्खी कंपनी हलकेपणावर उभी केली. गाडी हलकी असली की ती लवकर वळते, लवकर थांबते, टायर कमी खाते, आणि छोट्या इंजिनातही जिवंत वाटते. हीच लोटस 2023 मध्ये भारतात आली. पहिली गाडी कुठली आणली? इलेत्रे. विजेवरची एसयूव्ही, वजन अडीच टनांच्या आसपास.

चॅपमनांची लोटस भारतात यायची अजून बाकी आहे.

सायबरस्टरच्या बाजूने मात्र एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ती आवाज करत नाही. उघड्या गाडीत इंजिन गप्प असलं की विसापूरच्या कड्यावरून पडणारं पाणी ऐकू येतं. आणि गावाला तुम्ही ऐकू येत नाही. सायलेन्सर बदलून भाज्यातून ढणाणा जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तो कायद्याने गुन्हा आहेच. पण त्याआधी साधी गोष्ट अशी, की या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं राहतात, पोरं अभ्यास करतात, म्हातारी माणसं दुपारी पडतात.

तुमचा छंद ऐकून घेण्याचा करार गावाने केलेला नाही.

पण सायबरस्टर घेण्याआधी गतिरोधक पाहा. गाडीचं पोट खाली आणि गावातले गतिरोधक वर. पाऊण कोटीची गाडी प्रत्येक उंचवट्यावर तिरकी घालत घरी न्यायची असेल, तर ती चैन नव्हे, रोजची परीक्षा आहे.

म्हणून लोक थारकडे वळतात. 2 ऑक्टोबर 2020 ला महिंद्राने नवी थार बाजारात आणली तेव्हा कापडी हूडचा पर्याय होता. नाशिकची गाडी, सर्व्हिस सगळीकडे, रस्ता कसाही असो. वजन पावणेदोन टनांच्या आसपास, म्हणजे स्पोर्ट्स कार ती नव्हे. पण आकाश देते. फक्त मग हूडचीच घ्या. पत्र्याचं बंद छत, काचा वर आणि एसी चालू ठेवून लोहगडवाडीला जाणाऱ्याने उघड्या गाडीची जागा भरलेली नाही. त्याने उंच मोटार घेतली आहे.

आणि एक नाव सगळे विसरतात. जिप्सी.

मारुतीने 1985 मध्ये आणलेल्या जिप्सीचं वजन टनाच्या आसपास, इंजिन छोटं, वर कापडी हूड. पाटे कडक, पाठ धरते, हे खरं. पण आकडे शेजारी ठेवून पाहा. वजनात भारतातली मियाटाची सर्वात जवळची नातलग हीच निघते. 2019 च्या आसपास तिची विक्री थांबली. लष्करात ती इतकी वर्षं चालली की तिला हात लावायला फिटर घाबरत नाही. चांगली ठेवलेली वापरलेली जिप्सी आजही शोधली तर मिळते.

तिच्यासाठी कोणी लाल फीत कापत नाही, एवढंच.

आता पाऊस. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. अशा ठिकाणी उघडी गाडी घेणाऱ्याने आधी छताची चौकशी करावी, मग इंजिनाची. बटणावर दुमडणारं धातूचं छत झकास दिसतं. त्यात मोटर, सांधे, वायरी, सेन्सर. एक बिघडला की छत अर्ध्यात अडकतं, आणि ढग पार्ट येईपर्यंत थांबत नाहीत. हाताने ओढायचं कापडी हूड एका मिनिटात बसतं. फाटलं तर शिवता येतं.

जी गोष्ट शिवता येते, ती घाटात उपयोगी पडते.

नाहीतरी या गावाला छताचं शहाणपण नवीन नाही. भाज्याचा चैत्य इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. त्याच्या दगडी कमानीखाली लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत, आणि त्यातलं जुनं लाकूड अजून टिकून आहे. पलीकडच्या विहारात कोरलेला रथ पाहा. सूर्य म्हणून ओळखली जाणारी आकृती, सोबत दोन स्त्रिया, एकीच्या हाती छत्र, एकीच्या हाती चवरी. रथ उघडा. घोडे चार.

धबधब्याकडे धावणारी गर्दी तिथे फिरकत नाही, हे आणखी वेगळं दुःख.

आता पैशाचं बोलू. पंधरा वर्षं झाली की खासगी मोटारीची नोंदणी नव्याने करावी लागते, मग दर पाच वर्षांनी. एप्रिल 2022 पासून त्याचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं, आयात मोटारीसाठी 40,000. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला 10,000, आयात असेल तर 80,000. वर राज्याचा पर्यावरण कर. गाडी पासिंगला न्यायची, आरटीओत उभं राहायचं. लोक या खर्चाला वैतागून जुनी काढतात. पण 80,000 रुपयांना पाच वर्षं, म्हणजे वर्षाला 16,000. आणि नव्या आयात गाडीवर महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी कर किती? किमतीच्या 20 टक्के. एक कोटीवर वीस लाख.

वीस लाखांच्या भीतीपेक्षा सोळा हजारांची भीती मोठी कशी?

म्हणून पहिली निवड शोरूम नव्हे, गॅरेज. गाडी उचलून चासी पाहा. चासी शाबूत असेल तर बाकी सगळं होतं. हूड नवं शिवता येतं. रबर मिळतं. हूडच्या कडेची पाणी जायची भोकं पानांनी तुंबतात, पाणी कार्पेटखाली साचतं आणि पत्रा आतून खातं. ती भोकं पावसाआधी तारेने साफ करा, निम्मं दुखणं तिथेच संपेल. टायरच्या कडेवर चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांचं रबर ओल्या घाटात दगा देतं.

गाडी धावत नाही म्हणून टायर म्हातारे होत नाहीत, हा समज जिवावर बेततो.

सॅन स्टॉर्मवाल्यांची अडचण वेगळी. रेनॉ पुढे भारतात आली, डस्टर आणि क्विड गाजल्या, पण ते 1,149 सीसीचं इंजिन इथल्या गाड्यांत आलं नाही. पार्टसाठी युरोपकडे पाहावं लागतं. तिथे तेच इंजिन क्लिओ आणि ट्विंगोमध्ये होतं, त्यामुळे माल आहे. हे कळायला एक चांगला मेकॅनिक आणि थोडी चिकाटी लागते. भारतात बनलेली दोन आसनी उघडी गाडी भंगारात घालणं फार सोपं आहे. पुन्हा बनवायला मात्र अजून कोणी पुढे आलेलं नाही.

चासीच कुजली असेल तर? मग तशीच हलकी, कोणीतरी जपलेली दुसरी शोधा. गुडघे कुरकुरत असतील तर? ते मोकळेपणी मान्य करा. खाली बसून उठणं जड जात असेल, तर जमिनीला टेकलेली दुसरी गाडी घेणं हा हट्ट आहे. हूडची जिप्सी, हूडची थार, आकाश तेच. पैसा आहे, अंगण आहे, चार्जर आहे आणि शांतता हवी आहे? सायबरस्टर घ्या, पण उघडी चालवा.

जी गाडी वर्षभर कव्हरखाली राहणार, ती कुठलीही घेतली तरी चूकच.

उद्योगालाही एक सांगणं. नाशिक, चाकण, तळेगाव, हा सगळा पट्टा मोटारींवर जगतो. इथले हात काय बनवू शकत नाहीत? टनाच्या आत वजन, कापडी हूड, शंभरेक अश्वशक्ती, वीस लाखांच्या आत किंमत. अशी एक गाडी द्या. खप कमी होईल म्हणता? मोठा, जड, बंद डबाच विकत राहिलात तर गिऱ्हाईक दुसरं काही मागायला शिकणार कधी?

तोवर काम आपलं आहे. शोरूममधला पोरगा सेकंद आणि अश्वशक्ती सांगू लागला की त्याला एकच विचारा, गाडीचं वजन किती?

उत्तर शोधायला त्याला आत जावं लागलं, तर उठा.