डावीकडचा खडा

(सांगोला. एका रुग्णालयाचा शस्त्रक्रिया विभाग. कोणतं रुग्णालय ते विचारू नये. कारकून सगळीकडे असाच असतो आणि मामाही. टेबलावर नोंदवह्या, शिक्के, एक संगणक आणि संगणकावर भरवसा नाही म्हणून ठेवलेली आणखी एक नोंदवही. मामा येतात. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात नायलॉनची पिशवी. पिशवीत आयुष्यभराचे कागद.)

कारकून : या मामा, बसा. काय त्रास होतोय?

मामा : डाक्टरला सांगितलाय की समदा. आता तुमी बी तपासणार का?

कारकून : मी तपासत नाही, लिहितो. मी लिहिल्याशिवाय ते ऑपरेशन करत नाहीत.

मामा : म्हंजी तुमी डाक्टरच्या वर?

कारकून : पगारात नाही. बोला, काय निघालं?

मामा : मुतखडा. चौदा एमेमचा. सोनोग्राफीवाला म्हनला, मामा, नमुना चांगलाय.

कारकून : डावा की उजवा?

मामा : ह्यो हिकडचा. (हात लावून दाखवतात.)

कारकून : तुम्ही माझ्यासमोर बसलाय. तुमचं हिकडं ते माझं तिकडं. तोंडानं सांगा.

मामा : आवं, सांगोल्यात बसून डावं-उजवं इचारताय व्हय? आमच्या तालुक्यानं गणपतराव देशमुखास्नी अकरा येळा आमदार केलंय. 1962 पासनं लाल बावटा. डावाच असनार की!

कारकून : आणि 2019 ला?

मामा : (जरा दबून) ती 768 मतांची गोष्ट हाय. 2024 ला परत डावीकडं आलो न्हवं का?

कारकून : म्हणूनच दोनदा विचारतोय. तालुका फिरतो, तसा खडा फिरला म्हणजे?

मामा : डावा, सायेब, डावा. लिवा. डाक्टरनं पन इचारलं, त्या सिस्टरनं पन इचारलं, फोटू काढनाऱ्या पोरानं पन इचारलं. तुमच्यात एकमेकांत बोलनं-चालनं न्हाई का?

कारकून : आहे. तरी पुन्हा विचारायचं, असा नियम आहे. आता नाव सांगा. आधारवर जे आहे तेच.

मामा : त्येच्यात जरा घोळ हाय. आधारवर नावाम्होरं ‘राव’ लागलाय. रेशनकार्डावर ‘राव’ न्हाई.

कारकून : मग खरं काय?

मामा : रेशनकार्ड काढलं तवा जमीन कोरडवाहू हुती. आधार काढलं तवा डाळिंब लागलं हुतं.

(ही माहिती भरायला अर्जात रकाना नसतो. असायला हवा.)

कारकून : जन्मतारीख?

मामा : 1 जून.

कारकून : वाटलंच. अर्धा तालुका 1 जूनला जन्मलाय. त्या दिवशी सुईणीला उसंत मिळाली नसेल.

मामा : सुईनीचा काय संबंध? मास्तरनं लिवली. शाळा जूनमधी सुरू व्हायची, पोरगं सा वर्साचं दिसाय पायजे. डोक्यावरनं हात कानाला पुरला, की झाली जन्मतारीख. खरं वय पायजे असंल तर बहात्तरच्या दुस्काळात मी खडी फोडायला गेलतो, एवडंच म्हाईत हाय.

कारकून : तेव्हा केवढे होता?

मामा : हातोडी पेलत हुती, एवडा. दुस्काळी कामावर आई-बा दोघं खडी फोडायचं, मी बी फोडायचो. येवडी खडी फोडली, पन शेवटी एक खडा उलटला बगा.

कारकून : खडीमुळं होत नाही मामा. पाणी कमी पिता, दिवसभर उन्हात घाम गाळता, लघवी घट्ट होते, क्षार साठतात.

मामा : ह्ये तुमाला कसं म्हाईत? तुमी तर लिवनारं.

कारकून : अठ्ठावीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचतोय. ते वाचता आलं, की निम्मं वैद्यक येतं.

(आपले लेखकराव इथे सहमत आहेत.)

कारकून : योजनेतून करायचं ना? रेशनकार्ड द्या.

मामा : कार्ड केशरी हाय. चालंल का?

कारकून : आता पांढरंही चालतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. योजना 2 जुलै 2012 ला सुरू झाली, तेव्हा राज्यातले पहिले आठच जिल्हे घेतले होते. त्यात आपलं सोलापूर होतं. तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी. 2017 ला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव दिलं. पुढं केंद्राची आयुष्मान भारत त्यात जोडली.

मामा : आन् तुमी?

कारकून : मी तोच. शिक्के बदलले. इथं अंगठा लावा.

मामा : उठायचा न्हाई. रेशनच्या मशिनीवर पन उठत न्हाई. खोऱ्यानं समद्या रेघा खाल्ल्या.

कारकून : मग मोबाईलवर ओटीपी येईल, तो सांगा.

मामा : मोबाईल माज्याकडं हाय, पन आधारला नंबर पुतन्याचा हाय. पुतन्या पिंपरीत हाय. दुपारपाळीला मोबाईल गेटवर जमा असतोय.

कारकून : किती वाजता सुटतो?

मामा : अकराला. रातच्या. (पिशवी उलथी करतात. सात-बारा, गॅसचं पुस्तक, एका पतसंस्थेची पावती, डाळिंबाच्या पट्ट्या टेबलावर पसरतात.) सायेब, 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल्वे ह्याच आपल्या सांगोल्यातनं सुटली. पार बंगालात, शालिमारला. पंतप्रधानांनी झेंडा दावला. तवा डाळिंबाला एवडं कागद लागलं न्हाईत, तेवडं मला ह्या खाटंवरनं त्या टेबलावर जायला लागायलेत.

कारकून : डाळिंबाला डावं-उजवं नसतं, मामा.

मामा : परत त्येच! आवं, एकदा लिवलं न्हवं का?

(इथे कारकून पेन खाली ठेवतो. असं तो सहसा करत नाही.)

कारकून : ऐका. विलायतेत वेल्स म्हणून भाग आहे. तिथं लॅनेली नावाचं गाव. 2000 साली एका म्हाताऱ्या माणसाची उजवी किडनी खराब झाली, ती काढायची ठरली. भरतीच्या चिठ्ठीवर उजवीऐवजी ‘डावी’ पडलं. एक शब्द. पुढं सगळे त्याच चिठ्ठीवर चालले. ऑपरेशनला उभी असलेली एक शिकाऊ मुलगी म्हणाली, चुकीची बाजू घेताय. तिचं कुणी ऐकलं नाही. चांगली किडनी काढली.

मामा : आन् मानूस?

कारकून : काही आठवड्यांत गेला.

(मामा तोंडातली तंबाखू खिडकीतून टाकायला उठतात. खिडकीला जाळी आहे. परत बसतात.)

मामा : चिठ्ठी कारकुनानं लिवलती?

कारकून : नाही, डॉक्टरनं. पण ती चिठ्ठी माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावरून पुढं गेली असेल. त्यानं विचारलं असतं तर? म्हणून मी विचारतो. 2008 ला जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनच्या वेळी विचारायची 19 कलमांची यादी काढली. भूल द्यायच्या आधी पेशंटलाच विचारायचं, तुझं नाव काय, काय करायचंय, कुठल्या बाजूला. चीर द्यायच्या आधी सगळ्यांनी थांबून पुन्हा. पेशंट बाहेर न्यायच्या आधी बोळे, सुया, हत्यारं मोजायची. ही यादी आठ देशांतल्या आठ शहरांत वापरून पाहिली, आपली दिल्ली होती त्यात. ऑपरेशननंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण दीड टक्का होतं, ते 0.8 वर आलं.

मामा : निस्तं इचारून?

कारकून : नुसतं विचारून.

मामा : (खुर्ची पुढे ओढून) सायेब, लिवा. डावा. मोट्या अक्षरात लिवा. त्या दुसऱ्या वहीत बी लिवा. त्या मशिनीत बी घाला. आन् ती शाई द्या हिकडं, मी पोटावर लिवून घेतो.

कारकून : खूण डॉक्टर स्वतः करतात. तुम्ही काही लिहू नका. तुमच्या ‘ड’चा ‘उ’ व्हायचा.

मामा : मग संमतीपत्र आना. पयलं त्येच्यावर कुटं बी अंगठा दिला असता. आता वाचून दावा.

(कारकून संपूर्ण संमतीपत्र वाचून दाखवतो. मामा प्रत्येक ओळीला “म्हंजी काय?” विचारतात. बाहेर रांग मारुतीच्या देवळापर्यंत जाते. रात्री अकरानंतर ओटीपी येतो, दुसऱ्या दिवशी मंजुरी येते, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. चांगल्या ऑपरेशनात नसतंच. भूल देण्याआधी नाव विचारलं तेव्हा मामा “रावासकट का रावाबिगर?” असं म्हणाले, एवढीच नोंद सिस्टरांनी तोंडी दिली आहे. आता मामा डिस्चार्ज कार्ड घ्यायला आले आहेत.)

मामा : राम राम. माजा खडा कुटाय?

कारकून : दुर्बिणीतून फोडून काढला. तुकडे तपासायला पाठवलेत, कशाचा झालाय ते कळायला.

मामा : चौदा एमेमचा आत नेलाता. बाटलीत बगितला, चार-पाच एमेमच्या वर माल न्हवता.

कारकून : बाकीचा चुरा धुऊन गेला.

मामा : डाळिंब असू द्या न्हाईतर खडा, घट दावल्याबिगर येपारी ऱ्हात न्हाई बगा.

कारकून : ऐका मामा, हे महत्त्वाचं. तुमच्या आत डीजे ठेवलाय.

मामा : (ताडकन उठायला जातात, कळ येते, बसतात) डीजे? आवं, गावात मिरवनुकीला वाजवला तर पोलीस गुन्हा दाखल करत्यात. माज्या पोटात कुनी बसवला?

कारकून : तो नव्हे. बारीक नळी आहे. एक टोक किडनीत, एक लघवीच्या पिशवीत. दोन्ही टोकं इंग्रजी ‘जे’सारखी वळलेली, म्हणून डबल जे. वाटेला सूज असते, ती उतरेपर्यंत लघवी अडू नये म्हणून ठेवतात.

मामा : आवाज?

कारकून : करत नाही. तीच तर अडचण आहे. महिन्याभरात माणसाला बरं वाटतं, तो विसरतो. नळी आत राहते. महिनोन्महिने राहिली, की तिच्यावरच खडा धरतो. मग एका खड्यासाठी आला होता, तो दोन ऑपरेशनं घेऊन जातो. ही बघा वही. डीजे बसवलेले सगळे यात आहेत. काढून गेले त्यांच्यापुढं हिरवी खूण.

मामा : आन् ह्ये लाल?

कारकून : तारीख उलटून गेली, आले नाहीत. फोन करतो. कुणाचा बंद, कुणाचा पुतण्याचा. एक म्हणाला, दुखत नाही तर कशाला येऊ? एका बाईच्या घरचे म्हणाले, ऊसतोडीला गेलीय, हंगाम संपला की येईल. कापणारा कापून मोकळा होतो, मामा. तारखा मला सांभाळाव्या लागतात.

मामा : (वहीवर बोट फिरवत, चष्म्याशिवाय, एका नावावर थांबतात) ह्यो? ह्यो तर आमच्या वस्तीवरचा! काल रविवारच्या बाजारात खिलार खोंड बगत हिंडत हुता म्हनं. टुनटुनीत हाय की.

कारकून : त्याची नळी पाच महिन्यांपूर्वी काढायला हवी होती.

मामा : उद्या आनतो. न्हाई आला तर धरून आनतो. सायेब, नुस्ती वही ठिवून काय उपेग? ती हितं कपाटात, मानसं तिकडं रानात. बाहीर पाटी लावा. मी सांगतो, तुमी लिवा. पन डाक्टरच्या भाषेत नगं.

(कारकून कोरा कागद घेतो. मामा सांगतात, तो लिहितो. एकाही शब्दावर तो हरकत घेत नाही. त्याच दुपारी दारावर चिकटवलेला मजकूर असा :)

“मुतखड्याचं ऑपरेशन झालेल्या सर्व मामा, मामी, आण्णा, ताई यांना कळवण्यात येते की, तुमच्या पोटात डीजे ठेवला असेल तर तो कायमचा नाही. कार्डावर काढायची तारीख लिहिली आहे. कार्ड सापडत नसेल तर तसंच या, आमच्या वहीत आहे. दुखत नसलं तरी या. येताना आधार आणा, आणि ज्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो त्या पुतण्याला सुट्टी काढून सोबत आणा.”