कॉफीचा बर्फ

अहमदपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी पाहुण्यापुढे वाफाळता चहाच येतो. नको म्हटलं तर यजमान रुसतो. अशा गावात पोरांनी आता घरोघरी आइस्ड कॉफी काढली आहे. चमचाभर इन्स्टंट कॉफी आणि साखर कोमट पाण्यात फेसाळेपर्यंत फेटायची (गारात साखर तळाशीच बसते), वर थंड दूध, मग बर्फ. बर्फाला मात्र लाइट लागते, अन् पाणीही. २०१६ साली जिल्ह्याच्याच लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्याच जिल्ह्यात आता तक्रार काय, तर बर्फ वितळून कॉफी पाणचट होते! उपाय आहे: कॉफीचाच बर्फ करावा. फक्त ट्रे आजीच्या हाती लागू देऊ नये. ती तो बर्फ उकळून पिते.