हास्केलकर

बेळगाव-निपाणी पट्ट्यात इंजिनिअरिंगची पोरं पैशाला पासरी. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात. त्यांत क्वचित एखादा हास्केलकर निपजतो. जनुकांच्या फायली वाचणाऱ्या मुक्त लायब्ररींसाठी तो हास्केल भाषेत फुकट कोड लिहितो. आजीनं रात्री दोनला विचारावं, "काय करायलास रे?" तर म्हणतो, "लायब्ररीचं काम." इतक्या रात्री कुठलं वाचनालय उघडं असतं, या विचारानं आजीची झोप उडते. घरचे याला खूळ म्हणतात. मला मात्र वाटतं, हे खूळ सीमाभागातच लागायचं. हास्केलमध्ये नावाला एकदा मूल्य दिलं की ते बदलत नाही. बदल हवा तर नवी प्रत काढा, मूळ तसंच राहतं. ज्याच्या गावाचं 1 नोव्हेंबर 2014 रोजी कागदोपत्री बेळगावी झालं आणि घरात बेळगावच राहिलं, त्याला या नियमात केवढा विसावा! बिचाऱ्याला जनुकांच्या नावांत मात्र तेही सुख नाही म्हणा. 'मार्च1' या जनुकाला एक्सेल तारीख समजायचं, म्हणून 2020 पर्यंत नामकरण समितीनं अशा जनुकांची नावंच बदलली. एक्सेल सुधारण्यापेक्षा जनुकाचं पुन्हा बारसं सोपं.

हद्दीचं तर विचारूच नका. गुणसूत्रावरची पहिली शंभर अक्षरं बेड फायलीत 0 ते 100 अशी लिहितात, शेवटचा आकडा हद्दीबाहेर. जीएफएफ फायलीत तीच 1 ते 100, दोन्ही टोकं हद्दीत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या महाजन आयोगाला असा खटला मिळाला नाही हे नशीब. हास्केलकर दोन्ही मोजण्यांना वेगळे टाइप देतो. त्यांची सरमिसळ झाली की कंपाइलर प्रोग्रॅम दारातच अडवतो. एका आकड्यासाठी एवढा तमाशा? जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचतात. सुरुवात एका घरानं सरकली की पुढचं सगळं प्रथिन भलतंच निघतं. गावच्या सीमावादाला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात तारखा पडताहेत. मोजणीचा हा वाद हास्केलकर एका बैठकीत मिटवतो.

आता कुणी म्हणेल, या क्षेत्रात राज्य पायथन आणि आरचं, हास्केलला विचारतो कोण? खरं आहे. पण बायोकंडक्टर या जनुक-सॉफ्टवेअरच्या संग्रहाचा डोलारा ज्या आरवर उभा आहे, ती मुळात फंक्शनल वळणाचीच. फंक्शनला दिलेली वस्तू आत बदलली तरी बाहेरची सहसा शाबूत राहते. म्हणजे हास्केलकर इथं उपरा नव्हे, भाऊबंद; आणि भाऊबंद म्हटलं की भाऊबंदकी आलीच. दुसरा आक्षेप बायोडेटाचा: सगळं नोकरीसाठी चाललंय. असेलही. पण बायोडेटा सजवायला सर्टिफिकेटांचे सोपे मार्ग आहेत. इथं महिनाभर घासलेला कोड कुणी परका तपासनीस दोन ओळींत परत पाठवतो, आणि हा तो पुन्हा लिहायला बसतो. निपाणीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथं हजारी दरानं बिड्या वळणारी बाई कारखान्यात पाटी देते, तपासणारा हातात घेऊन चारदोन 'छाट' म्हणून बाजूला टाकतो, आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. अशा घरातल्या हास्केलकराचा चेहरा पडलेला दिसला की आई एवढंच विचारते, "आज छाट किती गेली?"