सोवळ्यातलं वायफाय

आमच्या वन बीएचकेत माणसं चार आणि नेटवर्कं तीन. एक माणसांचं, एक वस्तूंचं, एक पाहुण्यांचं. एवढ्याशा जागेची एवढी वाटणी डोंबिवलीत दुसऱ्या कोणी केली असेल असं वाटत नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

वस्तूंना वेगळं का काढलं, हे घरात कोणाला पटेना. टीव्ही, दाराबाहेरचा कॅमेरा, मोबाइलवरून फिरणारा पंखा ही सगळी नेटवरची मंडळी. त्यांचं सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, त्यात पुढे काही दुरुस्ती होणार की नाही, देव जाणे. त्यातलं एक फुटलं की लॅपटॉपपर्यंत, म्हणजे बँकेच्या कागदांपर्यंत, रस्ता मोकळा. म्हणून व्हीलॅन, म्हणजे वेगळं आभासी नेटवर्क, आखून त्यांना बाजूला बसवलं. या व्याख्यानात मुलगी उठून गेली, बायकोला डुलकी लागली. आईला मात्र लगेच उमगलं.

"म्हणजे सोवळं," ती म्हणाली. "लॅपटॉपने टीव्हीला काय हवं ते सांगावं, टीव्हीने आपण होऊन लॅपटॉपला शिवायचं नाही."

फायरवॉलचा नियम इतका नेमका मला अजून कुठल्या मॅन्युअलात सापडलेला नाही. पेच पडला तो प्रिंटरवरून. वस्तू म्हणून त्याला तिकडे बसवला, तर मुलीच्या मोबाइलला तो दिसेना. कारण 'मी इथे आहे' ही प्रिंटरची हाक नेटवर्कची हद्द ओलांडत नाही. त्यावर उपाय आहे, त्यासाठी एक सेवा चालवावी लागते, मी वाचायला बसलो. मुलीचा प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. आई म्हणाली, "वायर नाही का त्याला?" होती. प्रिंटर तेव्हापासून वायरवर आहे.

फ्रिजवर केळ्यांच्या टोपलीशेजारी रास्पबेरी पाय आहे. २०१२ साली निघालेला हा हातभर नव्हे, तळहाताएवढा संगणक. त्यावर पाय-होल नावाची प्रणाली चालते. घरातल्या कुठल्याही यंत्राला कुठलीही साइट उघडायची तर आधी तिचा आकडी पत्ता विचारावा लागतो. तो आता पाय-होलला विचारायचा. जाहिरातवाल्यांचा पत्ता विचारला की तो सरळ कानावर हात ठेवतो. शिवाय कोणी काय विचारलं याची नोंद ठेवतो. ती नोंद वाचणं हा माझा रात्रीचा विरंगुळा. रात्री दोन वाजता, घर गाढ झोपलेलं, टीव्ही रिमोटने बंद केलेला, आणि तोच टीव्ही आपल्या कंपनीचा पत्ता मागतोय! नाही मिळाला की पुन्हा मागतोय. मी बायकोला उठवून दाखवलं. तिने टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद केलं आणि पुन्हा झोपली.

तिची तक्रार वेगळीच होती. साडी शोधली की सगळ्यात वरच्या साड्या दिसतात, बोट ठेवलं की उघडत नाहीत. उघडणार कशा? त्या वरच्या ओळी पैसे भरून लावलेल्या असतात आणि त्यांचा रस्ता जाहिरातीच्याच सर्व्हरवरून जातो. पाय-होलमुळे घराची किती बचत होते हे मी समजावू लागलो, तर तिने मोबाइलचं वायफाय बंद करून स्वतःच्या डेटावर साडी मागवली. आईच्या कीर्तनात मात्र गुडघेदुखीचं तेल अजून येतं. यूट्यूबवर कीर्तन आणि जाहिरात एकाच दारातून येतात. तेल अडवावं तर बुवाही अडतात.

मग हॅकरांसाठी सापळा लावायचं ठरवलं. मुद्दाम कच्चा ठेवलेला, खोट्या फाइलींचा संगणक, सगळ्यांपासून तोडलेला. पण आमचा नेटवाला अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतो, त्यामुळे बाहेरून कोणाला आत यायची सोयच नाही. स्वतंत्र पत्ता मागितला तर तो म्हणाला, "साहेब, घरात ऑफिस टाकलंत का?" चोर यावेत म्हणून हवाय, असं सांगितल्यावर त्याने जादा पैसे आगाऊ घेतले.

काही मिनिटांतच ठोठावणं सुरू झालं. नाव रूट, पासवर्ड १२३४५६. नाव अॅडमिन, पासवर्ड अॅडमिन. माणसं नव्हेतच ती, यंत्रं. आत शिरली की पहिली चौकशी प्रोसेसर केवढा आहे याची, म्हणजे आपल्या विजेवर त्यांना क्रिप्टो नाणी पाडता येतील का ते बघायला.

बायको म्हणाली, "चोरांसाठी पदरचे पैसे भरणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला." पहिला मी नव्हे. १९८६ साली कॅलिफोर्नियात क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाने ७५ सेंटांचा हिशोब जुळेना म्हणून शोध सुरू केला, थेट जर्मनीतला हॅकर गाठला, आणि त्याला गुंतवून ठेवायला खोट्या फाइली रचल्या. ती युक्ती त्याच्या मैत्रिणीची होती, हेही मी आवर्जून सांगितलं.

"तिचं लग्न व्हायचं होतं," बायको म्हणाली. "माझं झालंय."

राहता राहिला पासवर्ड. वायफायचा लांबलचक पासवर्ड आईने कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या खाड्यांशेजारी, ठळक लिहून ठेवलाय. लोक हसतात. मी हसत नाही. परदेशातल्या कुठल्याही हॅकरला आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उलटता येत नाही. आणि आल्यागेल्याला चहाबरोबर ती देते तो पासवर्ड पाहुण्यांच्या नेटवर्कचा. त्यावरून त्यांनी खुशाल क्रिकेट बघावं.

एक मात्र करा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने जगभरचे कॅमेरे आणि राउटर काबीज केले, ते साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या यादीवर. कंपनीने दिलेले कोणी बदललेच नव्हते. २१ ऑक्टोबरला त्या फौजेने अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स ठप्प केलं. तेव्हा आज जेवण झालं की राउटर उलटा करा, बुडाखालचं लेबल वाचा आणि त्यावरचा अॅडमिनचा पासवर्ड बदला. जमलं नाही तर बोलवा, मी येतो. फक्त चहा टाकायच्या आधी प्रिंटर कुठे आहे ते दाखवा.